स्वीडिश भाषेतील 'मोल' : एका नामाचे इतके अर्थ कसे?

लुंडनिवासी (प्रश्न)

नमस्कार. मी दक्षिण स्वीडनमधील लुंड येथे राहते. स्थलांतरितांसाठीच्या स्वीडिश वर्गांचा शेवटचा, म्हणजे 'डी' अभ्यासक्रम पूर्ण करून मी आता पुढील पातळीचा अभ्यास करीत आहे, आणि एका अगदी साध्या नामापाशी वारंवार अडखळते आहे. त्याचे लेखन 'एम', डोक्यावर वर्तुळ असलेला 'ए' आणि 'एल' असे होते. उच्चार दीर्घ ओकाराचा असल्यामुळे येथे मी तो 'मोल' असाच लिहिते.

मुलीच्या बालवाडीतून आलेल्या सूचनेत, सहलीला येताना 'मेल्लानमोल' बरोबर द्यावे, असे लिहिले होते. तेथे अर्थ मधल्या वेळचे खाणे असा होता. शाळाप्रवेशाच्या अर्जात 'मूदेर्समोल' या रकान्यात मातृभाषा लिहायची होती. निवास परवान्यासंबंधी न्यायालयाकडून आलेल्या पत्राच्या माथ्यावर 'मोलनुम्मेर' होता, म्हणजे खटल्याचा क्रमांक. वृत्तपत्राच्या क्रीडापानावर फुटबॉलचा एक सामना 'मोल्ल्योस' संपल्याची बातमी होती, आणि त्याच अंकात एका नाट्यप्रयोगाच्या परीक्षणात प्रेक्षक 'मोल्ल्योस' झाल्याचे म्हटले होते. पहिल्या ठिकाणी गोलशून्य बरोबरी आणि दुसऱ्या ठिकाणी वाचा बसणे, असे दोन निराळे अर्थ एकाच विशेषणाने दिले आहेत. शिवाय ध्येय, उद्दिष्ट, शर्यतीची अंतिम रेषा आणि बोलीभाषा हे अर्थ शब्दकोशात आहेतच.

अनेकार्थी नामे स्वीडिशमध्ये पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी काहींच्या बाबतीत लिंगाचा आधार मिळतो. 'लाग' हा शब्द 'एन' या उपपदाने आला तर कायदा आणि 'एत' या उपपदाने आला तर संघ, आणि दोघांची अनेकवचनेही वेगळी होतात. 'मोल' मात्र सर्व अर्थांनी 'एत' वर्गातीलच आहे, आणि त्याचे अनेकवचन एकवचनासारखेच राहते. 'त्वो मोल' म्हणजे दोन गोल, दोन जेवणे, दोन खटले किंवा दोन उद्दिष्टे, यांपैकी काहीही असू शकते.

माझे दोन प्रश्न आहेत. हा मुळात एकच शब्द असून त्याचे अर्थ पसरत गेले आहेत, की वेगवेगळे शब्द एका रूपात येऊन मिळाले आहेत? आणि वाचताना अर्थ चटकन ठरवण्यासाठी कशाकडे पाहावे?

उप्सालाकर (उत्तर)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की येथे मुळात दोन स्वतंत्र शब्द आहेत. ते फार पूर्वी, जुन्या नॉर्डिक भाषेच्या काळातच, एकाच रूपात येऊन मिळाले होते. वर्तुळाचे अक्षर स्वीडिश छपाईत 1526 मधील 'नव्या करारा'च्या भाषांतरापासून आले. त्याआधीच्या हस्तलिखितांतही हे दोन शब्द सारखेच लिहिले जात, त्यामुळे त्यांना वेगळे ठेवील असे लेखनात काहीच उरले नव्हते.

पहिल्या शब्दाचे मूळ सभेत किंवा जमावापुढे बोलण्याशी निगडित आहे. गॉथिक भाषेत त्याच मुळाचा शब्द लोक जमण्याच्या जागेसाठी, बाजाराच्या चौकासाठी वापरला जात असे, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ बोलणे असा होता. यातूनच वाणी, भाषा, बोली आणि आवाज हे अर्थ आले. चार लोकांसमोर तक्रार मांडून तिचा निकाल मागणे हे बोलण्याचेच काम असल्यामुळे खटला हा अर्थही येथूनच आला. साक्ष या अर्थाचा 'वित्नेसमोल' आणि तक्रार या अर्थाचा 'क्लागुमोल' हे शब्द याच घरातील आहेत. विवाहासाठीचा 'यिफ्तेरमोल' हा शब्द अनेकांना कोड्यात टाकतो, कारण लग्नाचा ना भाषेशी संबंध दिसतो ना खटल्याशी. पण त्यातील 'मोल' म्हणजे तोंडी ठरलेला करार. मराठी माणसाला हे समजणे तुलनेने सोपे आहे, कारण आपल्याकडेही लग्नाची 'बोलणी' होतात, आणि आपला 'बोली' हा शब्द प्रादेशिक भाषेसाठी जसा चालतो तसाच ठरलेल्या अटीसाठी आणि लिलावातील पुकारासाठीही चालतो. बोलण्यापासून कराराकडे जाण्याची ही वाट दोन्ही भाषांनी आपापल्या परीने चोखाळली आहे.

दुसऱ्या शब्दाचे मूळ मोजण्यात आहे. संस्कृत 'मा' या धातूपासून आलेले मान, मात्रा, प्रमाण, परिमाण हे शब्द आपण रोज वापरतो. त्या धातूचे आणि या स्वीडिश शब्दाचे भारत-युरोपीय मूळ एकच मानले जाते. मोजलेली गोष्ट, मग मोजून ठरवलेली वेळ, मग त्या ठरलेल्या वेळी घेतलेले जेवण, असा हा प्रवास झाला. जर्मन भाषेत 'एकदा', 'दोनदा' अशा शब्दांत हाच घटक अजून वेळ दाखवतो आणि इंग्रजीतील 'मील' हा शब्दही त्याचाच भाऊबंद आहे. येथेही मराठीचा अनुभव उपयोगी पडतो. आपण 'दोन वेळचे जेवण' म्हणतो, 'एकवेळ जेवणारा' म्हणतो, आणि तेव्हा 'वेळ' हा शब्द जेवणाचीच गणती करीत असतो. स्वीडिशमध्ये 'मोलतीद' हा जेवणासाठीचा आणखी एक शब्द आहे. त्यातील 'तीद' म्हणजे वेळ, म्हणजे त्याच्या दोन्ही घटकांत मुळात काळच आहे.

मोजण्यासाठी खूण करावी लागते, हद्द ठरवावी लागते. खुणेच्या या अर्थापासून नेम धरण्याची जागा, शर्यतीचा शेवट, खेळातील गोल आणि शेवटी मनातील उद्दिष्ट हे अर्थ आले. प्रवासाच्या ठिकाणाला 'रेसमोल', हेतूला 'एन्दामोल' आणि वस्तूला 'फ्योरेमोल' म्हणतात. वस्तूसाठीचा शब्द मुळात 'समोर ठेवलेले लक्ष्य' असा आहे, हे माहीत झाल्यावर तो लक्षात ठेवणे सोपे जाते.

म्हणून आपल्या यादीतील मातृभाषा आणि खटला हे एका कुळातील आहेत, तर मधल्या वेळचे खाणे आणि गोल दुसऱ्या. 'मोल्ल्योस' हे विशेषण दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे तयार झाले आहे. एकदा ते 'वाणीविना' आहे आणि एकदा 'गोलाविना'.

एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. आपल्या 'मूल्य'पासून आलेल्या 'मोल'शी या शब्दाचा काहीही संबंध नाही, ते केवळ ध्वनीचे साम्य आहे. ज्यांना अधिक खोलात जायचे असेल त्यांनी स्वीडिश अकादमीचा ऐतिहासिक शब्दकोश पाहावा. त्याचा पहिला भाग 1893 मध्ये निघाला आणि शेवटचा खंड 2023 मध्ये पूर्ण झाला. अकादमीच्या संकेतस्थळावर तो इतर दोन कोशांसह विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे या नामाच्या नोंदी क्रमांक देऊन वेगळ्या केलेल्या आहेत.

गोथेनबर्गची दुभाषी (उत्तर)

मी न्यायालयांत दुभाषी म्हणून काम करते, त्यामुळे न्यायालयीन अर्थाविषयी सविस्तर लिहिते. आपल्या हाती आलेल्या पत्रासारखी पत्रे इतरांनाही येतात आणि त्यांतील शब्द नीट न समजल्यास मुदत चुकण्याचा धोका असतो.

स्थलांतर विभागाकडे आपण अर्ज करतो तेव्हा त्याला 'एरेन्दे' म्हणतात, म्हणजे प्रशासकीय प्रकरण. नकाराविरुद्ध अपील करून विषय स्थलांतर न्यायालयात गेला की तोच 'मोल' होतो. ही न्यायालये मालमो, गोथेनबर्ग, स्टॉकहोम आणि लुलेओ अशा चार ठिकाणच्या प्रशासकीय न्यायालयांत आहेत, आणि तेथील क्रमांकाच्या आधी 'यूएम' ही अक्षरे असतात. आपल्या पत्रावर ती आहेत का ते पाहावे, कारण विभागाचा प्रकरण क्रमांक आणि न्यायालयाचा खटला क्रमांक हे निराळे असतात आणि उत्तर पाठवताना न्यायालयाचाच क्रमांक लिहावा लागतो.

जिल्हा न्यायालयात, म्हणजे 'तिंग्सरेत'मध्ये, क्रमांकाआधी 'बी' असेल तर तो 'ब्रॉटमोल', म्हणजे फौजदारी खटला, आणि 'टी' असेल तर 'त्विस्तेमोल', म्हणजे दिवाणी दावा समजावा. दालनांबाहेरच्या लांब मार्गिकेत एका पडद्यावर दिवसभराच्या खटल्यांची यादी असते. एका ओळीत वेळ, क्रमांक आणि दालन एवढेच असते. लोक हातातील समन्स उघडून त्यावरचे आकडे पडद्याशी जुळवून पाहतात. सुनावणी सुरू होताना ध्वनिक्षेपकावरून खटल्याचा पुकारा होतो आणि पक्षकारांना आत बोलावले जाते. पहिल्यांदाच आलेल्या व्यक्तीच्या कानावर त्या पुकाऱ्यात 'मोलेत' हे निश्चित रूप पडते, आणि तिला स्वीडिश थोडेफार येत असेल तर तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा फुटबॉलचे मैदान उभे राहते. शब्द ओळखीचा असूनही अर्थ हाती लागत नाही, आणि त्या क्षणी तो समजून घेण्याइतकी शांतता मनाला नसते. म्हणून मी आत जाण्याआधीच हा एक शब्द समजावून सांगते.

याच क्षेत्रातील दोन शब्द आवर्जून माहीत असावेत. 'मोल्सेगान्दे' म्हणजे ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला किंवा ज्याला गुन्ह्यामुळे इजा अथवा नुकसान झाले, ती व्यक्ती. मराठीत त्याला सरसकट 'फिर्यादी' म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण खटला बहुधा सरकारी वकील चालवतो आणि पोलिसांत तक्रार दुसऱ्याच कोणीतरी नोंदवलेली असू शकते. 'पीडित पक्षकार' हा शब्द अधिक जवळचा आहे. दुसरा शब्द 'मोल्समान', म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेला माणूस. शाळेच्या जुन्या वळणाच्या कागदांवर पालकाच्या सहीसाठी तो अजून दिसतो, जरी कायद्याचा आजचा शब्द निराळा आहे. 1734 च्या स्वीडिश कायदेसंहितेत विवाहविषयक विभाग सर्वांत पहिला होता, आणि त्या व्यवस्थेत नवरा हाच बायकोचा 'मोल्समान' असे. 1920 चा विवाह कायदा 1 जानेवारी 1921 पासून लागू झाला आणि त्यानंतर विवाह करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे पालकत्व संपले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या व्यवहारात स्वतःची वाणी नसणे म्हणजे काय, हे या एका शब्दाच्या घडणीत अत्यंत उघडपणे दिसते, आणि म्हणून तो मला नुसता तांत्रिक शब्द वाटत नाही.

वाचनासाठी एक उपयुक्त सूचना करते. स्वीडिश सामासिक शब्दात शेवटचा घटक मुख्य असतो. 'ब्रॉटमोल' म्हणजे गुन्ह्याचा खटला, पण तेच दोन घटक उलटे करून 'मोलब्रॉट' म्हटले की अर्थ होतो वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटणे. 'ब्रॉट' म्हणजे मोडणे किंवा फुटणे; नियम मोडला तर गुन्हा, आवाज फुटला तर तारुण्याची चाहूल.

सोल्नाचा प्रेक्षक (उत्तर)

खेळाविषयी थोडे लिहितो. 'मोल्ल्योस'चे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगाला लागू पडण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे नोव्हेंबर 2017 मधील स्वीडन आणि इटली यांच्यातील विश्वचषक पात्रता लढत. येथे सोल्नामध्ये स्वीडनने पहिला सामना 1–0 असा जिंकला आणि मिलानमधील परतीचा सामना गोलशून्य राहिला. त्या एका बरोबरीने स्वीडन 2018 च्या स्पर्धेला पात्र ठरला, आणि 1958 नंतर प्रथमच इटली विश्वचषकाबाहेर राहिली. सामना पहिल्या अर्थाने 'मोल्ल्योस' होता आणि मैदानातील हजारो इटालियन प्रेक्षक दुसऱ्या अर्थाने.

गोलरक्षकाला 'मोलवाक्त' म्हणतात, पण वृत्तपत्रांत हा शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांतही भेटेल. स्वतःचे नाव दुसऱ्याच्या कंपनीसाठी किंवा मोटारीसाठी वापरू देणारा, म्हणजे कर, दंड आणि कर्ज स्वतःच्या नावावर झेलून खऱ्या मालकाला वाचवणारा माणूस, असा त्याचा अर्थ तेथे असतो. आपल्याकडील 'बेनामी' व्यवहारातील नावापुरत्या मालकाशी तो बराच मिळताजुळता आहे. नवीन आलेल्या लोकांना थोड्या पैशांचे आमिष दाखवून अशा कागदांवर सह्या घेतल्या जातात, म्हणून हा अर्थ प्रत्येकाने ओळखून ठेवावा, असे मी कळकळीने सुचवतो.

लुंडनिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्रावर 'यूएम' ही अक्षरे आहेत, आणि उत्तरात कोणता क्रमांक लिहायचा ते आता स्पष्ट झाले.

आणखी दोन गोष्टी विचारते. 'स्वेवा पो मोलेत' हा वाक्प्रचार मी एका राजकीय मुलाखतीच्या वृत्तांतात वाचला. शब्दशः तो 'मोलावर तरंगणे' असा दिसतो; त्याचा संबंध ध्येयाशी लावावा की वाणीशी? दुसरे म्हणजे, 'आवयोरा', म्हणजे निर्णय करणे, हे क्रियापद मला खटल्याबरोबरही दिसले आणि फुटबॉलच्या बातमीतही. मग क्रियापदावरून तरी अर्थ कसा ठरवावा?

उप्सालाकर

'स्वेवा पो मोलेत' मधील 'मोल' निःसंशय वाणीचा आहे. चाचरणे, सरळ उत्तर न देणे, आपल्या भाषेत गुळमुळीत बोलणे, असा त्याचा अर्थ आहे. ध्येयाचा अर्थ आज सर्वांत प्रचलित असल्यामुळे स्वीडिश तरुणही या वाक्प्रचाराचा संबंध कधी कधी ध्येयाशी लावतात. वाणीचा सुटा अर्थ आता मोजक्या ठरलेल्या प्रयोगांतच उरला आहे. गप्प बसलेल्या माणसाला 'तोंडात मोल नाही का' असे विचारतात, जसे आपण 'तुला वाचा नाही का' असे म्हणतो.

क्रियापदाचा मार्ग मात्र सोडू नये, कारण माझ्या अनुभवात तोच सर्वांत भरवशाचा आहे. गोल 'केला' जातो, उद्दिष्ट 'गाठले' किंवा 'ठरवले' जाते, जेवण 'खाल्ले' जाते, खटला 'हाताळला', 'तपासला' किंवा 'निकाली काढला' जातो. स्वीडिशमध्ये या जोड्या इतक्या पक्क्या आहेत की 'मोल' वाचल्यावर थांबण्याऐवजी क्रियापद येईपर्यंत पुढे जावे आणि मग अर्थ लावावा.

'आवयोरा' हे क्रियापद दोन्हीकडे येते हे आपण अचूक टिपले आहे, पण तेथे कर्ता आणि कर्म बदलतात. फुटबॉलमध्ये गोल स्वतः निर्णय करतो. म्हणून 'आवयोरान्दे मोल', म्हणजे निर्णायक गोल. न्यायालयात खटल्याचा निर्णय दुसरे कोणी करते. म्हणून 'आवयूर्त मोल', म्हणजे निकाली निघालेला खटला. 'मोलेत'ने निर्णय केला असे वाक्य असेल तर चेंडू जाळ्यात गेला आहे, आणि 'मोलेत'चा निर्णय झाला असे असेल तर न्यायाधीशांनी सही केली आहे.

सामासिक शब्दांतही एक जागा अशी आहे जिथे काळजी घ्यावी लागते. रुग्णालयातील आहाराच्या सूचनांत 'हूवुदमोल' म्हणजे दिवसाचे मुख्य जेवण, आणि कार्यालयीन प्रकल्पाच्या आराखड्यात तोच शब्द मुख्य उद्दिष्टासाठी येतो. 'मेल्लानमोल' मात्र नेहमी खाणेच असते; दोन टप्प्यांमधील उद्दिष्टासाठी 'देलमोल' किंवा 'एताप्पमोल' म्हणतात. बैठकीत मधले उद्दिष्ट म्हणून 'मेल्लानमोल' म्हटले, तर सहकारी फळे आणि पाव मागवतील.

दालार्नाचा रहिवासी (उत्तर)

बोली या अर्थाकडे अजून कोणी फारसे वळले नाही, म्हणून लिहितो. मी मूरा या गावाजवळ राहतो. मार्चच्या पहिल्या रविवारी येथे 'वासालोपेत' ही स्कीइंगची शर्यत संपते. सेलेनजवळून निघून 90 किलोमीटर अंतर कापून स्पर्धक मूरा गावात येतात. वाटेतील विसाव्यांवर त्यांना गरम ब्लूबेरीचे सूप मिळते, आणि शेवटी ज्या कमानीखालून ते जातात तिच्यावर 'पूर्वजांच्या वाटेवरून, भविष्यातील विजयांसाठी' या आशयाचे ब्रीद लिहिलेले आहे. पहिली शर्यत 1922 मध्ये झाली. ती अंतिम रेषा म्हणजे 'मोल', आणि ती ओलांडणे म्हणजे 'मोलगोंग'. त्याच गावातील जुने लोक आपापसांत जे बोलतात ते 'मूरामोल', म्हणजे मूराची बोली.

दालार्ना प्रांत या अर्थाच्या दृष्टीने स्वीडनमध्ये सर्वांत श्रीमंत आहे. मूराच्या वायव्येला एल्वदालेन आहे. तेथील बोली इतकी निराळी आहे की शेजारच्या प्रांतातील स्वीडिश माणसालाही ती कळत नाही; जुन्या नॉर्डिक भाषेतील नासिक्य स्वर तिने आजवर जपले आहेत. तिला 'एल्वदाल्समोल' म्हणावे, म्हणजे एक बोली, की 'एल्वदाल्स्का' म्हणावे, म्हणजे एक स्वतंत्र भाषा, यावर बराच काळ वाद आहे. तिच्या जतनासाठी 1984 मध्ये 'उलुम दाल्स्का' ही संस्था स्थापन झाली, आणि 2016 मध्ये तिला भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत स्वतःचा संकेत मिळाला, परंतु स्वीडिश शासन तिला अजून अल्पसंख्याक भाषेचा दर्जा देत नाही. माझे मत स्पष्ट आहे. मुलांना ती शिकवायची असेल, तिच्यातून पुस्तके निघावीत असे वाटत असेल, तर तिला बोलीच्या रकान्यात ठेवून चालणार नाही. कोकणीच्या बाबतीत गोव्यात आणि महाराष्ट्रात झालेला दीर्घ वाद ज्यांना माहीत आहे, त्यांना या नावाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

स्वीडिश बोलींच्या शास्त्रीय नोंदीचे काम फार जुने आहे. योहान आउगुस्त लुंडेल यांनी 1878 मध्ये बोलींच्या उच्चारांसाठी खास वर्णमाला तयार केली. तिचे नावच 'लान्द्समोल' वर्णमाला, म्हणजे प्रादेशिक बोलींची वर्णमाला, असे आहे.

हेलसिंकीहून एक वाचक (उत्तर)

फिनलंडमधील स्वीडिश भाषकांविषयी एक छोटी भर घालते. स्वीडनमध्ये न्याहारीला 'फ्रुकोस्त' म्हणतात, पण येथे तिला 'मोर्रोनमोल' म्हणतात, म्हणजे शब्दशः सकाळचे जेवण. जेवणाचा अर्थ स्वीडनमध्ये मुख्यतः 'मेल्लानमोल'सारख्या समासांत आणि 'एक शिजवलेले मोल' अशा ठरलेल्या प्रयोगांत टिकून आहे. येथे मात्र तो रोज सकाळी, घराघरांत, अगदी ठळकपणे ऐकू येतो.

एक पालक, स्टॉकहोम (उत्तर)

आपण शाळेच्या अर्जाचा उल्लेख केला आहे, म्हणून त्या रकान्याविषयी लिहिते, कारण तो अनेक मराठी कुटुंबे घाईघाईने भरतात. 'मूदेर्समोल' तेथे केवळ माहितीसाठी विचारलेले नसते. पालकांपैकी किमान एकाची मातृभाषा स्वीडिशखेरीज दुसरी असेल, ती घरात मुलाशी रोज बोलली जात असेल आणि मुलाला तिचे प्राथमिक ज्ञान असेल, तर त्या भाषेचे शिक्षण मागण्याचा हक्क मिळतो. नगरपालिकेवर ते देण्याचे बंधन येण्यासाठी त्या भाषेची मागणी करणारी किमान 5 मुले असावी लागतात आणि योग्य शिक्षक उपलब्ध असावा लागतो. 5 मुलांची ही अट संपूर्ण नगरपालिकेसाठी मोजली जाते, एकेका शाळेसाठी नव्हे. त्यामुळे निरनिराळ्या शाळांत विखुरलेली मराठी मुले मिळूनही ती पूर्ण होऊ शकते.

हे शिक्षण 1977 च्या सुधारणेपासून सुरू आहे. तेव्हा त्याला 'घरची भाषा' असे म्हणत, आणि 1997 पासून 'मूदेर्समोल' हा शब्द अधिकृत झाला. त्या रकान्यात अनेक पालक सोयीसाठी हिंदी किंवा इंग्रजी लिहितात, आणि मग नगरपालिकेच्या नोंदीत मराठी मुलांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. घरात मराठी बोलली जात असेल तर तेथे मराठीच लिहावे. बहुतेक नगरपालिकांत या शिक्षणाची मागणी वेगळ्या अर्जाने करावी लागते आणि तिची मुदत प्रत्येक ठिकाणी निराळी असते, म्हणून आपल्या नगरपालिकेच्या मातृभाषा विभागाकडे आधीच चौकशी करून ठेवावी.